विश्लेषण : मक्याच्या संकरासाठी ‘गोत्र’ का पाहतात?

संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्याला दर हंगामाला नव्याने विकत घ्यावे लागते. बहुतेक वेळा त्या पिशवीतील दाणे दोन ठरावीक शुद्ध वाणांच्या संकरातून आलेले असतात. ही जोडी शोधण्यात पैदासकारांची अनेक वर्षे जातात. अमेरिकेच्या थंड पट्ट्यात हे काम बरेच सोपे झाले आहे. उपोष्ण प्रदेशांत मात्र ते आजही किचकट आहे.

संकर जोम म्हणजे काय?
मक्याच्या झाडाला वर तुरा आणि मध्यावर कणीस येते. तुऱ्यातील पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायचा, असे सहा-सात पिढ्या केले की जवळपास एकजिनसी ‘इनब्रेड’ वाण तयार होतो. तो बुटका आणि कमी उत्पन्नाचा असतो. मात्र, असे दोन वेगळे वाण एकत्र आले की पुढची पिढी दोन्ही पालकांपेक्षा जोमदार निघते. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये याकडे लक्ष वेधले. हा जोम त्यापुढच्या पिढीत घटतो. म्हणूनच घरचे बियाणे राखून चालत नाही.

वाणांचे गट कशासाठी?
हाती १०० इनब्रेड वाण असतील, तर त्यांच्या ४,९५० जोड्या होतात. एवढे संकर करून ते अनेक ठिकाणी पेरून पाहणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे वाणांचे गट पाडले जातात. यांना ‘हेटरोटिक ग्रुप’ म्हणतात. सोयरीक जुळवताना सगोत्र स्थळ टाळतात, तसाच हा प्रकार. एकाच गटातील वाणांच्या संकरात जोम कमी, वेगळ्या गटांतील संकरात जास्त. अमेरिकेत ‘स्टिफ स्टॉक’ आणि ‘लँकेस्टर’ हे गट रूढ झाले. ‘बी ७३’ आणि ‘एमओ १७’ ही त्यातलीच गाजलेली जोडी.

उपोष्ण पट्ट्यात अडचण काय?
दिवसाची लांबी, तापमान आणि रोग वेगळे असल्याने अमेरिकी वाण येथे थेट चालत नाहीत. सुमारे दीड हजार मीटर उंचीवरील झिम्बाब्वेच्या पठारावर ‘मेझ स्ट्रीक’ या विषाणूजन्य रोगाचाही सामना करावा लागतो. तेथे १९६० मध्ये आलेले ‘एसआर ५२’ हे हायब्रीड ‘एससी’ आणि ‘एन ३’ या दोन वाणांचे होते. पुढे हीच नावे गटांची ओळख बनली. मात्र नंतरचे अनेक वाण निरनिराळ्या देशांतील मका मिसळून केलेल्या समूहांतून काढले गेले. त्यामुळे त्यांचे ‘गोत्र’ सहज सांगता येत नाही.

मग गट ठरतो कसा?
मेक्सिकोस्थित ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट मानले. नव्या वाणाचा संकर दोन्ही गटांच्या ‘टेस्टर’शी, म्हणजे ओळखीच्या पालकाशी करतात. ‘अ’च्या टेस्टरशी उत्पन्न वाढले आणि ‘ब’च्या टेस्टरशी घटले, तर तो वाण ‘ब’ गटाचा. या पद्धतीने १०० वाणांसाठी सुरुवातीला २०० संकर पुरतात. डीएनए चाचणीतून वाणांमधील नाते लवकर कळते. पण अंतर जास्त म्हणजे उत्पन्न जास्त, असे दर वेळी होत नाही. अखेरचा निकाल शेतातच लागतो.

शेतकऱ्याचा संबंध काय?
गट चुकला तर वर्षानुवर्षांच्या चाचण्या वाया जातात आणि चांगले वाण बाजारात यायला उशीर होतो. बियाण्याचा उत्पादन खर्चही याच्याशी जोडलेला आहे. बियाणे मादी वाणाच्या कणसावर धरते. तो वाण कमजोर असेल, तर एकरी बियाणे कमी येते आणि महाग पडते. दक्षिण आफ्रिकेच्या पट्ट्यात ‘सिमिट’ म्हणूनच संकरांची पारख कमी नत्राच्या जमिनीत आणि पाण्याचा ताण देऊनही करते. भरल्या पावसात बहुतेक हायब्रीड पिकतात. पावसाने ओढ दिल्यावर कणीस भरते की नाही, यावर जोडीची खरी परीक्षा होते.