पोथीचे पाठ आणि पेशीची अक्षरे

वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत काढली. नाना प्रांतांच्या पोथ्या शेजारी मांडावयाच्या, कोठे शब्द बदलला, कोठे श्लोक गळला हे टिपावयाचे, असे ते काम. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘बायोइन्फर्मॅटिक्स’चा आरंभीचा धडा मिळतो तो याच जातीचा. पोथी मात्र डीएनएची; अक्षरे चारच, पण माणसाच्या पोथीत ती सुमारे तीनशे कोटी!

जुळणी कशी होते? आमच्या पेशातले उदाहरण घेतो. एका शिष्याने ‘सा रे ग म प ध’ म्हटले, दुसऱ्याने ‘सा रे ग प ध’. स्वराखाली स्वर मांडीत गेलात तर चौथ्यापासून सारे बिनसते. जुळल्यास एक गुण, न जुळल्यास वा जागा रिकामी राहिल्यास एक वजा, असे धरले तर हाती शून्य. ‘म’खाली जागा सोडा; गुण चार. ही जागा नेमकी कोठे सोडावी हे कोष्टक भरीत शोधण्याची रीत नीडलमन व वुन्श यांनी १९७० साली मांडली.

तथापि गुण मोजले म्हणजे वंश कळला असे नव्हे. शुद्ध पाठ दोन पोथ्यांत सारखा असला तर नवल ते काय? एकच विचित्र चूक दोहोंत सापडली, तर मूळ एक असल्याचा संशय बळावतो. शिवाय ‘म’ एकाने गाळला की दुसऱ्याने घातला, हे दोघांनाच ऐकून सांगता येत नाही. तिसरा, जरा दूरच्या घराण्याचा, बोलवावा लागतो.