रेल्वे-संग्रहालयांचे संमेलन : गाव कोणते आणि यजमान कोण?



संमेलन म्हटले की आपणां मराठी मंडळींना प्रथम साहित्य संमेलन आठवते, आणि ते कोठे भरावे यावरून होणारी चर्चाही आठवते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना तर ती विशेष परिचयाची आहे. १९२८ आणि १९६१ साली ग्वाल्हेरने, १९३१ साली हैदराबादने, १९३५ आणि २००१ साली इंदूरने, १९४६ आणि २००० साली बेळगावने, २०१८ साली बडोद्याने हे यजमानपद सांभाळले. निमंत्रणे यावयाची, स्थळ-निवड समितीने गावे पाहावयाची आणि अखेर एका गावावर शिक्कामोर्तब व्हावयाचे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. आज ज्या संमेलनाविषयी मी बोलणार आहे ते साहित्यिकांचे नव्हे. जुनी इंजिने, डबे, सिग्नल आणि ट्राम जपून ठेवणाऱ्या, आणि शक्य तेथे त्या चालत्या ठेवणाऱ्या मंडळींचे ते आहे. परंतु निमंत्रण, पाहणी आणि निवड ही तिन्ही प्रकरणे तेथेही आहेत, आणि त्यांतल्या अडचणी आपल्याहून काकणभर अधिकच आहेत.

अशी अधिवेशने नियमाने भरतात ती मुख्यत्वे अमेरिकेत आणि युरोपात. अमेरिकेत रेल्वे-संग्रहालयांची एक आणि प्रवाशांना हौसेची सफर घडविणाऱ्या छोट्या रेल्वेंची दुसरी, अशा दोन संघटना दीर्घकाळ वेगवेगळ्या नांदत होत्या. चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात त्या एकत्र आल्या, आणि आज 'हेरिटेजरेल अलायन्स' या नावाने त्यांची वार्षिक परिषद निरनिराळ्या गावी भरते. युरोपातील संघटना 'फेडेक्रेल' ही १९९४ साली स्थापन झाली. तिचे अधिवेशन देशोदेशी फिरते.

आता प्रथमदर्शनी असे वाटेल की यात निवडावयाचे ते काय? जेथे सर्वांत मोठे संग्रहालय तेथे संमेलन. येथेच गफलत होते. अमेरिकेतील सर्वांत मोठे रेल्वे-संग्रहालय इलिनॉय राज्यात, युनियन नावाच्या खेड्यात आहे. १९५३ साली काही हौशी मंडळींनी विजेवर धावणारी एक जुनी गाडी भंगारातून वाचविली आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. १९६४ साली ते शिकागोपासून सुमारे पंचावन्न मैलांवरील या खेड्यात आले, कारण रूळ घालावयाला मोकळी जमीन हवी होती. आज तेथे शेकडो इंजिने आणि डबे आहेत, पाच मैलांचा स्वतःचा मार्ग आहे. परंतु युनियन हे खेडे ते खेडेच. तीनशे प्रतिनिधी उतरावेत कोठे? त्यांना दूरच्या मोठ्या गावातील हॉटेलात ठेवावयाचे आणि रोज सकाळी बसगाड्यांनी न्यावयाचे, म्हणजे लग्नघर एका गावात आणि जानवसघर दुसऱ्या गावात, असा प्रकार होतो. पन्नास आसनांची बस धरली तरी सहा बसगाड्या लागतात. एक बस चुकली की सकाळचे पहिले व्याख्यान निम्म्या सभागृहापुढे होते, आणि एखाद्या पाहुण्या वक्त्याने हजार मैलांवरून आणलेला बॉयलरच्या तपासणीचा विषय तसाच वाऱ्यावर जातो.

ही काही त्या संग्रहालयाची चूक नव्हे. रेल्वे-संग्रहालयाला जागा लागते, आणि जागा मिळते ती गावाबाहेर. संमेलनाला खोल्या लागतात, आणि खोल्या मिळतात त्या शहरात. स्थळ-निवडीचा सारा पेच या दोन वाक्यांत आहे.

हा पेच ज्या गावांत आपोआप सुटतो ती गावे भाग्यवान समजावयाची. टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे १९०९ साली बांधलेले भव्य रेल्वे स्थानक पुढे हॉटेल म्हणून वापरात आले, आणि १९६१ साली स्थापन झालेले संग्रहालय त्याच शहरात आहे. पेनसिल्व्हेनियातील स्ट्रासबर्गची कथा आणखी गोड. तेथील रेल्वेची सनद १८३२ सालची. तिच्यासमोर, रस्ता ओलांडला की, १९७५ साली उघडलेले राज्याचे रेल्वे-संग्रहालय. आणि जवळच जुन्या गार्डांच्या डब्यांत खोल्या केलेले निवासस्थान. एकीकडे चालती गाडी, दुसरीकडे छपराखाली नीट राखलेली इंजिने, आणि झोपावयालाही डबाच! अशा ठिकाणी व्यवस्थापकाला फारसे डोके चालवावे लागत नाही. उलट मेन राज्यातील सीशोअर हे १९३९ साली सुरू झालेले ट्रामचे संग्रहालय घ्या. दीडशे डॉलरला विकत घेतलेल्या एका उघड्या ट्रामपासून त्याचा आरंभ झाला, आणि या साऱ्या चळवळीत त्याचा मान थोरल्या भावाचा. पण मेनचा हिवाळा म्हणजे हिमाचे ढीग. तेथे जानेवारीत कोण जाईल?

ऋतूचा प्रश्न नुसत्या थंडी-वाऱ्याचा नाही. उन्हाळ्याच्या सुटीत आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यांत या छोट्या रेल्वे वर्षाची कमाई करतात. नाताळात मुलांसाठी सोडलेल्या गाड्यांवर कित्येक संस्थांचा पुढच्या वर्षाचा कोळसा अवलंबून असतो. त्या दिवसांत ड्रायव्हर, गार्ड, तिकिटे फाडणारा आणि उपाहारगृहात चहा देणारा असा प्रत्येक माणूस कामाला जुंपलेला असतो, आणि प्रतिनिधी म्हणून येणारी माणसेही तीच असतात. म्हणून अधिवेशन वसंतात किंवा शरदात ढकलावे लागते, आणि तेवढ्यापुरती काही गावे यादीतून गळतात.

हॉटेलच्या कराराविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण उत्साही यजमान फसतो तो येथेच. समजा शंभर खोल्या तीन रात्रींसाठी राखून ठेवल्या. म्हणजे हिशेबाला तीनशे खोल्या-रात्री झाल्या. हॉटेल सवलतीचा दर देते, सभागृहही कदाचित फुकट देते, परंतु त्या बदल्यात शेकडा ऐंशी खोल्या भरतील अशी हमी लिहून घेते. म्हणजे दोनशे चाळीस भरल्याच पाहिजेत. प्रत्यक्षात दोनशेच भरल्या, तर उरलेल्या चाळिसांचे भाडे यजमानाने भरावयाचे. मोठ्या संघटनेला हा फटका सोसतो. शनिवार-रविवारी जमून डबे रंगविणाऱ्या पन्नास-साठ सभासदांच्या संस्थेला तो सोसत नाही. म्हणून शहाणी संघटना हॉटेलचा करार आपल्या नावे करते आणि यजमान संस्थेवर सोपविते ते फक्त संग्रहालयातले कार्यक्रम, सहली आणि पाहुणचार. ही वाटणी आधी कागदावर झाली नाही तर शेवटी मने दुखावतात. आमच्या गावातील एका संमेलनाच्या स्वागत समितीत मी एकदा होतो. मांडव उतरल्यानंतर वीजवाल्याचे बिल कोणी भरावयाचे यावरून दोन सज्जन गृहस्थांनी पुढे वर्षभर एकमेकांशी बोलणे टाकले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मग यजमान व्हावयाला कोणी पुढे तरी का येते? कारण पाहुणे साधे नसतात. एरवी येणारा प्रेक्षक चकचकीत इंजिनापुढे उभा राहून छायाचित्र काढतो आणि जातो. अधिवेशनाला आलेला माणूस मात्र तडक मागच्या शेडमध्ये शिरतो, कुजलेल्या लाकडी डब्याखाली वाकून पाहतो आणि विचारतो, "हा सांगाडा तुम्ही कशाने सांधणार?" त्या प्रश्नात कुचेष्टा नसते, त्याच्याकडेही तसाच एक डबा असतो. नळ्या कोणी बनवून देतो, चाकांचे टायर कोठे कातून मिळतात, स्वयंसेवकाला अपघात झाला तर विमा पुरतो काय, ही माहिती पुस्तकांत मिळत नाही. ती अशा शेडमधील गप्पांत मिळते. यजमान संस्थेला तीन दिवसांत शेकडो जाणत्यांचा सल्ला घरबसल्या मिळतो. शिवाय गावचा नगराध्यक्ष, जो एरवी या मंडळींना खुळ्यांत काढतो, तो परगावच्या पाहुण्यांनी भरलेली हॉटेले पाहून जरा निराळ्या नजरेने पाहू लागतो. संग्रहालयाकडे जाणारा रस्ता एकदाचा दुरुस्त होतो, हाही लाभ लहान नव्हे.

याच कारणासाठी माझे मत लहान यजमानाच्या बाजूचे आहे. मोठ्या संस्थेला संमेलनाने फारसे काही मिळत नाही. लहान संस्था त्या निमित्ताने पाच वर्षांची रखडलेली कामे वर्षात उरकते. धोकाही तितकाच खरा. ज्या संस्थेचा सारा भार दोन माणसांवर आहे आणि त्यांतला एक सत्तरी ओलांडलेला आहे, तिला यजमानपद देणे म्हणजे तिच्यावर दया न करणे होय. पाहणीस जाणाऱ्या समितीने सभागृह मोजावे, तसेच चिटणीस आजारी पडला तर त्याचे काम कोण करील हेही विचारावे. आणि संमेलनासाठी सोडावयाच्या गाडीची आसने मोजावीत. चार डबे, प्रत्येकात साठ, म्हणजे दोनशे चाळीस. तीनशे पाहुण्यांना दोन फेऱ्या लागणार, आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहणाऱ्यांना चहा.

स्थळाचे नाव कधी कधी संमेलनापेक्षाही मोठे होऊन बसते. २००५ साली लॅटव्हियातील रीगा येथे युरोपीय संघटनेचे अधिवेशन भरले. जुनी रेल्वे चालती ठेवताना मूळचे किती राखावे आणि नवे किती घालावे, याची तत्त्वे सांगणारी सनद तेथे संमत झाली. आज ती जगभर 'रीगा सनद' म्हणूनच ओळखली जाते. लंडन किंवा पॅरिस निवडले असते तर त्या नावांच्या गर्दीत ती हरवली असती.

आपल्या देशात असे फिरते संमेलन भरवावयाचे ठरले तर? दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय चाणक्यपुरीत १९७७ साली उघडले. म्हैसूरचे १९७९ साली, आणि नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेजचे २००२ साली. येथे यजमान म्हणजे बहुधा रेल्वे खाते. त्याचा लाभ उघड आहे: रूळ, गाडी, विश्रामगृह, सारे एका हुकमात. तोटा असा की ज्या अधिकाऱ्याने हौसेने निमंत्रण दिले त्याची संमेलनापूर्वी बदली व्हावयाची. म्हणून येथे निमंत्रण व्यक्तीचे नको, कार्यालयाचे हवे, आणि जोडीला गावातील एखादी संस्था हवी.

दिल्लीची सोय सर्वांत चांगली, यात वाद नाही. १८५५ साली लीड्सला बांधलेले 'फेअरी क्वीन' इंजिन हे त्या संग्रहालयाचे एके काळचे भूषण, आणि रेवाडीची १८९३ सालची वाफेच्या इंजिनांची शेड एका दिवसाच्या सहलीच्या अंतरावर. पण दरवेळी दिल्लीच म्हणणे हा आळस झाला. नेरळ-माथेरानची १९०७ सालची गाडी कोणाला दाखवावीशी वाटणार नाही? तेथे मात्र पावसाळ्यात नेरळपासूनचा घाट बंद असतो, आणि गावात मोटारी नाहीत. म्हणजे नोव्हेंबर ते मे, आणि संख्या थोडकी. याउलट इंदूरजवळची पाताळपाणी-कालाकुंड ही २०१८ साली सुरू झालेली वारसा-गाडी पाहावी ती पावसाने धबधबा भरल्यानंतरच. एकाच देशात एका स्थळाला जो ऋतू वर्ज्य तोच दुसऱ्याला प्रशस्त!

बडोद्याचा हक्क तर इतिहासाचाच आहे. गायकवाडांच्या राज्यात डभोई-मियागाम मार्गावर १८६२ साली बैलांनी ओढलेली गाडी रुळांवरून चालली. पुढे वाफेची इंजिने आली आणि डभोई हे नॅरोगेजचे थोर जंक्शन झाले. आज तेथून ब्रॉडगेजच्या गाड्या जातात. २०२१ साली केवडियाचा मार्ग याच वाटेने खुला झाला. तरी प्रतापनगरला जुन्या नॅरोगेजचा संग्रह आहे, शहरात खोल्यांची वाण नाही, आणि विमानतळ हाताशी आहे.

ग्वाल्हेरविषयी बोलताना मात्र मन जड होते. माधवराव शिंद्यांच्या काळात उभारलेला, ग्वाल्हेर ते श्योपूर असा सुमारे दोनशे किलोमीटरांचा दोन फुटी मार्ग २०२० साली थांबला, रुंदीकरण आले. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहावयाला आजही गर्दी होते, आणि तिची थोरली बहीण मात्र थांबली. त्या मार्गावरचे जुने गार्ड, सांधेवाले आणि फिटर यांपैकी अनेकजण आज त्याच भागात आहेत. संमेलन तेथे न्यावयाचे असेल तर फिरत्या गाडीचा कार्यक्रम मिळणार नाही. दोन दिवसांपैकी एक दिवस या माणसांना बोलते करण्यास आणि त्यांचे शब्द टिपून घेण्यास द्यावा लागेल. थंडीचे दिवस धरावेत, आणि निमंत्रण शक्य तितक्या लवकर निघावे, कारण त्या माणसांची वये वाढत चालली आहेत.