टर्बोला दोष देण्यापूर्वी

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ चिपळूणला भाड्याची गाडी चालवतात. गाडी सात आसनी, डिझेलवर चालणारी, जुनी घेतलेली आणि कर्जाचे हप्ते अजून चालू असलेली. कुंभार्ली घाट चढून कराडच्या दवाखान्यांत रुग्णांना पोहोचवणे ही त्यांची नेहमीची वर्दी. एके दिवशी घाटाच्या मध्यावर गाडीने मान टाकली. इंजिन बंद पडले नव्हते, पण एरवी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी पहिल्यावर आली आणि मागे धुराचा काळा लोट निघू लागला. मागच्या आसनावर रुग्ण, शेजारी त्याचे घाबरलेले नातेवाईक. कसेबसे ते कराडला पोहोचले.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये उत्तर मिळाले, "टर्बो गेला, नवीन टाकावा लागेल." या गृहस्थांनी उसनवारी करून नवीन टर्बो बसवला. पुढच्या वर्दीला तीच चढण, तोच काळा धूर आणि तोच पहिला गिअर! शेवटी दुसऱ्या एका वयस्कर उस्तादाने खालून हात घालून एक रबरी नळी काढली आणि ती वाकवून दाखवली. नळीच्या खालच्या अंगाला बोटभर चीर होती. उतरवून ठेवलेला जुना टर्बो धडधाकट होता.

अशा तक्रारी आमच्या कानावर वारंवार येतात. आपल्या वाचकांत गाड्या चालवणारे पुष्कळ आहेत आणि गाड्या दुरुस्त करणारेही पुष्कळ आहेत. म्हणून दोघांच्याही उपयोगी पडेल असा हा विषय आज घेत आहोत. सांगायची गोष्ट एकच आहे. गाडी ओढत नसेल तर स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी तपासाव्यात. टर्बो हा शेवटचा संशयित आहे, पहिला नव्हे.

टर्बो काय करतो?

डिझेल जाळायला हवा लागते. जितकी हवा जास्त, तितके डिझेल नीट जळते आणि तितकी शक्ती जास्त मिळते. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एरवी वाया जातो. टर्बोमध्ये तोच वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र असते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. डिझेल मोटारीत तो १९७८ साली मर्सिडीजने आणला.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलरमधून थंड करून मग इंजिनात सोडतात. थोडक्यात हवेचा रस्ता असा: एअर फिल्टर, टर्बो, नळी, इंटरकूलर, पुन्हा नळी आणि मग इंजिन. या रस्त्यात कुठेही भोक पडले तर टर्बो कितीही चांगला असला तरी हवा वाटेतच निसटते. चिपळूणच्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

आपल्याकडे फियाटच्या आराखड्याचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन फार चालले. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर व अर्टिगा, टाटांच्या इंडिका व्हिस्टा व मांझा, फियाटच्या पुंतो व लिनिया या सर्वांत तेच होते. टाटा व फियाट यांच्या गाड्यांसाठी ते पुण्याजवळ रांजणगावला तयार होई. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे आज या गाड्या जुन्या बाजारात फिरतात आणि पुष्कळशा भाड्याने चालतात. या इंजिनाचे दोन प्रकार आहेत. सुमारे ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा टर्बो साधा, तर सुमारे ९० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या टर्बोत हलणारी पाती असतात. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे मालकाला ठाऊक असावे, कारण दोन्हींची तपासणी वेगळी आहे.

दोष खरोखर शक्तीचा आहे काय?

प्रथम हे ठरवावे. एक्सिलेटर दाबताच इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच घसरतो आहे. सपाट रस्त्यावर गिअर काढल्यावर गाडी लवकर थांबते किंवा एखादे चाक हाताला फार गरम लागते, असे असेल तर ब्रेक धरून बसला आहे. या दोन्हींचा टर्बोशी काही संबंध नाही.

तिसरी गोष्ट गाडीच्या स्वभावाची. वर सांगितलेल्या ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाची खरी ओढ २,००० फेऱ्यांच्या आसपास मिळते. त्याच्या बरेच खाली, वरच्या गिअरमध्ये ते मंदच वाटते. हा दोष नव्हे. पेट्रोल गाडीवरून डिझेलवर आलेला चालक त्याला दोष समजून गॅरेजची पायरी चढतो.

धूर आणि आवाज काय सांगतात?

काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा कमी पडते. अशा वेळी हवेचा रस्ता तपासावा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जळते आहे. पांढरा धूर राहिला तर न जळलेले डिझेल किंवा कूलंटचे पाणी यांचा संशय घ्यावा. शक्ती नाही आणि धूरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी पोहोचते आहे किंवा गाडीच्या संगणकाने स्वतःच शक्ती रोखून धरली आहे. भारत स्टेज सहाच्या गाड्यांत मात्र काजळी अडवणारी गाळणी असते. तिच्यामुळे काळा धूर दिसतच नाही, म्हणून तेथे केवळ धुरावर विसंबू नये.

जोर देताना फुसफुस आवाज येत असेल तर हवा निसटते आहे. पोलिसांच्या भोंग्यासारखी चढती शिट्टी अचानक सुरू झाली असेल तर टर्बोची चक्रे पाहावीत. मंद शिट्टी पहिल्यापासूनच असेल तर घाबरण्याचे कारण नाही.

तपासणीचा क्रम

१) स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचावा, कागदावर लिहून ठेवावा आणि लगेच पुसू नये. पी-०२९९ या कोडचा अर्थ हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे एवढाच होतो. 'टर्बो बदला' असे तो सांगत नाही. कोड ही तक्रार आहे, निकाल नव्हे.

२) चावी फिरवून इंजिन सुरू न करता दाबाच्या सेन्सरचा आकडा पाहावा. तो त्या जागेच्या हवेच्या दाबाइतका हवा. कोकण किनाऱ्यावर तो सुमारे १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास दिसेल. फार फरक असेल तर सेन्सरच खोटे बोलतो आहे. मग गाडी चढणीवर न्यावी आणि पूर्ण जोर देताना संगणकाने मागितलेला दाब व मिळालेला दाब ताडून पाहावा. वाचन शेजारी बसलेल्याने करावे, चालकाने नव्हे.

३) एअर फिल्टर काढून पाहावा. धुळीच्या रस्त्यावर तो पुस्तकात दिलेल्या मुदतीआधीच भरतो. हवा मोजणारा सेन्सर मळला असेल तरी डिझेल कमी सोडले जाते.

४) इंटरकूलरच्या दोन्ही नळ्या हाताने वाकवून, आतून-बाहेरून पाहाव्यात. चीर बहुधा खालच्या अंगाला असते आणि दाब आल्यावरच उघडते, त्यामुळे उभ्या गाडीत ती नजरेस पडत नाही. जोडावर ताजे तेल आणि धूळ चिकटलेली दिसली तर तेथे गळती समजावी. संशय असल्यास थोडा, मोजलेला दाब देऊन साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे जागा दाखवतात. नळीत तेलाचा पातळ ओलावा असतोच, तेवढ्यावरून टर्बो गेला असे ठरवू नये. तेल साचून वाहत असेल तर गोष्ट वेगळी.

५) हलत्या पात्यांचा टर्बो व्हॅक्युमवर चालत असेल तर त्याच्या बारीक रबरी नळ्या पाहाव्यात. उष्णतेने त्या तडकतात. हाताच्या व्हॅक्युम पंपाने दांडी ओढून पाहावी. ती सुरळीत सरकली पाहिजे आणि ओढ टिकली पाहिजे. दांडी अडकत असेल तर पात्यांवर काजळी बसली आहे. पुष्कळदा साफसफाईने काम भागते.

६) डिझेल फिल्टर बदलून किती दिवस झाले ते विचारावे. त्यातले पाणी काढावे. फिल्टर तुंबला की साधी गाडी सपाटीवर ठीक पळते आणि चढणीला दम खाते, म्हणून संशय उगाच टर्बोवर जातो.

७) धूर परत फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला तर ताजी हवा कमी पडते आणि काळा धूर येतो. सायलेन्सरच्या मार्गातली जाळी तुंबली तर वायूला बाहेर पडायला वाट राहत नाही.

इतके सर्व झाल्यावरच टर्बोकडे यावे. इंजिन थंड असताना नळी काढून चक्र बोटाने फिरवावे. दांडा बाजूला किंचित हलतो, तेवढी जागा तेलासाठी ठेवलेलीच असते. पण तो पुढे-मागे खेळत असेल, पाती घराला घासल्याच्या खुणा असतील किंवा पाते तुटले असेल, तर टर्बो गेला असे निःशंक म्हणावे.

टर्बो गेला, पण का गेला?

हा प्रश्न न विचारता नवीन टर्बो बसवला तर तोही जाण्याचा धोका असतो. टर्बो सहसा आपल्या मरणाने मरत नाही. त्याला तेल कमी पडते, घाण तेल मिळते किंवा हवेतून काहीतरी आत शिरते. म्हणून तेल पोहोचवणारी बारीक नळी शक्यतो नवीन घ्यावी, तेल परत नेणारी नळी मोकळी करावी, तेल व फिल्टर बदलावेत आणि इंटरकूलरमध्ये अडकलेले तेल व तुकडे काढून टाकावेत. बसवताना टर्बोत आधी थोडे तेल सोडावे आणि सुरू केल्यावर काही मिनिटे इंजिन मंदच चालू द्यावे.

चालकांनीही दोन सवयी लावून घ्याव्यात. सुरू केल्याबरोबर जोर देऊ नये आणि घाट चढून येताच लगेच इंजिन बंद करू नये. एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवल्यास तापलेल्या दांड्याला तेल मिळत राहते. स्वस्त तेल वापरून किंवा तेल बदलण्याची मुदत लांबवून वाचवलेले पैसे टर्बो व्याजासकट वसूल करतो.

दोन धोके

पहिला धोका, टर्बोचे सील फुटून तेल इंजिनात जाऊ लागले तर डिझेल इंजिन स्वतःच्या तेलावर धावू लागते आणि चावी काढली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर चालकाने ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. बॉनेट उघडून जवळ उभे राहू नये. निळा धूर आणि तेल कमी होणे दिसत असतानाही "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका कारागिरांना. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,००० बारच्या पुढे जातो. चालू इंजिनाची ती नळी कधीही सैल करू नये आणि गळती हाताने चाचपू नये. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. असे झाल्यास जखम लहान दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

धंद्याची गोष्ट

गॅरेज चालवणाऱ्या आमच्या बांधवांना एक सांगावेसे वाटते. एक साधा स्कॅनर आणि हाताचा व्हॅक्युम पंप एवढ्या सामग्रीवर यातले बरेचसे काम होते. तपासणीची मजुरी उघडपणे सांगावी आणि घ्यावी, तीत कमीपणा नाही. तपासणीचे पैसे मागायचा संकोच वाटतो म्हणून सुटा भाग विकून ते भरून काढण्याची वाट धरली जाते आणि तेथेच चूक होते. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि तो का काढला ते दाखवावे. मालकांनीही "टर्बो गेला" हे ऐकताच खिशात हात घालू नये. "उस्ताद, नळ्या पाहिल्या का? दाब मोजला का? दांडा हलतो ते दाखवता का?" एवढे तीन प्रश्न आदराने विचारावेत. जाणता कारागीर रागावणार नाही.

चिपळूणचे ते गृहस्थ आता त्या वयस्कर उस्तादाकडेच जातात आणि आपल्या ओळखीच्या चालकांनाही तिकडेच पाठवतात. त्या उस्तादाने एका नळीचे आणि तासाभराच्या मजुरीचेच पैसे घेतले होते, पण त्या दिवसापासून त्याचे गिऱ्हाईक वाढले. पहिल्या गॅरेजने मात्र एक टर्बो विकला आणि एक गिऱ्हाईक कायमचे गमावले.