नावाची चव

आपण आधी नाव वाचतो, मग पदार्थ मागवितो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या भोजनगृहात २०१६ साली याचाच प्रयोग झाला. भाज्या त्याच, पाककृतीही तीच. पाटीवरील नावे मात्र पालटली जात. नुसते ‘गाजर’ वा ‘बीट’ न लिहिता चटकदार नाव दिले असता भाजी घेणारे २५ टक्क्यांनी वाढले. ‘साखरविरहित’ अशा पथ्याच्या नावांशी तुलना करता ४१ टक्क्यांनी. पथ्य म्हटले की आजारपण आठवते, रुची म्हटली की तोंडास पाणी सुटते! मग ‘पौष्टिक आहे, खा’ असे मुलांना बजावण्याऐवजी आपण भाजीची चवच का वर्णू नये? मात्र गोड शब्दांवर निकृष्ट मालही खपतो. म्हणून विद्यार्थिमित्रहो, नाव आवडीने वाचावे. निवाडा जिभेने आणि विवेकाने करावा.