किल्ला नेमका पडतो कसा?

सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत मागावर काम करणाऱ्यांत खानदेशातली माणसं भरपूर आहेत. त्यांतल्या अनेकांच्या गावी ढासळलेली एखादी गढी असते. कोपऱ्यांना बुरूज, एकच भक्कम दरवाजा, आत वाडा, धान्याची पेवं आणि आड. युरोपात ज्याला मेनर कॅसल म्हणतात, ते याहून फार वेगळं नव्हतं. जहागीरदाराचं राहतं घर, पण वेळ आलीच तर चार दिवस तग धरेल असं. इंग्लंडमधली स्टोकसेची गढी तर लॉरेन्स ऑफ लडलो नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली. तिला तटबंदी घालायचा राजाचा परवाना १२९१ चा. सुरतेच्या माणसाला व्यापाऱ्याची गढी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

पण अशा जागा लढत कशा आणि पडत कशा, याची आपली कल्पना सगळी पडद्यावरून आलेली आहे. शिड्या, उकळतं तेल, हत्तीच्या धडका आणि शेवटी फडकणारा झेंडा. सुरत, सचिन आणि जंजिरा या तीन ठिकाणांचा इतिहास या कल्पनेला जागोजागी छेद देतो.

गैरसमज : शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, म्हणजे सुरतेचा किल्ला घेतला.

नाही घेतला. १६६४ मध्येही नाही आणि १६७० मध्येही नाही. चौक बाजारात तापीकाठी उभा असलेला, महापालिकेने दुरुस्त करून संग्रहालय केलेला तो किल्ला महाराजांच्या हाती कधीच आला नाही. घेण्याचा विचारही दिसत नाही.

५ जानेवारी १६६४ च्या सकाळी बातमी आली की शिवाजी गणदेवीपर्यंत पोचला. गणदेवीहून सुरतेला येणारा माणूस आजच्या सचिनच्या बाजूनेच येतो. सुरतेचा मुघल सुभेदार इनायतखान त्याच रात्री किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो बादशाही खजिन्यातून उचलत असे, पण ते शिपाई होते कागदावर. शहराला नाव घेण्यासारखा तट नव्हता. दुसऱ्या दिवशी महाराज बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले आणि लूट सुरू झाली.

पुढे काय झालं ते इंग्रज वखारीचा पाद्री एस्कॅलियट याने लिहून ठेवलं आहे. मराठ्यांच्या बंदूकवाल्यांची एक तुकडी किल्ल्यावर सतत गोळ्या झाडत होती. किल्ला घेता येईल अशी अपेक्षा नव्हतीच. आतल्यांनी डोकं वर काढू नये, एवढाच त्यांचा उद्देश. किल्ला कोंडून ठेवायचा आणि शहर मोकळं करून घ्यायचं. किल्ल्यावरच्या तोफा धडधडत होत्या खऱ्या, पण त्यांचे गोळे पडत होते शहरावरच. मराठ्यांपेक्षा सुरतकरांचंच नुकसान त्यांनी जास्त केलं.

किल्ल्यातून बाहेर पडलेला खरा हल्ला एकच, आणि तो एका माणसाचा. ७ जानेवारीला इनायतखानाने तहाची बोलणी करायला एक तरुण पाठवला. बोलता बोलता त्याने खंजीर काढून महाराजांवर झेप घेतली. अंगरक्षकाने एका वाराने त्याचा हात तोडला, तरी तो वेगाने येऊन महाराजांवर आदळला आणि दोघेही जमिनीवर पडले. अंगावर रक्त पाहून सैन्याला वाटलं महाराज गेले. कैद्यांची कत्तल सुरू झाली, ती महाराजांनी स्वतः उठून थांबवली. पण नंतर काही कैद्यांची डोकी आणि हात उडवले गेलेच. सुभेदाराचा डाव सुभेदाराला महागात पडला नाही. तो भिंतीआड होता. महागात पडला तो कैद्यांना.

लढली ती वखार. इंग्रज वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याच्याकडे सुमारे दीडशे इंग्रज आणि साठ शिपाई, म्हणजे सगळे मिळून दोनशे दहा. त्यांना घेऊन त्याने ताशे-कर्णे वाजवत शहरातून फेरी काढली, जहाजांवरच्या तोफा आणून वखारीत बसवल्या आणि वखारीला लागून असलेल्या हाजी सैद बेगच्या घरात मराठे शिरले, तेव्हा त्यांना तिथून बाहेर काढलं. डचांनीही आपली वखार राखली. वखार अजिंक्य नव्हती. पण तिच्यासाठी द्यावी लागणारी किंमत आणि आत मिळणारा माल यांचा मेळ बसत नव्हता, तेही जवळच वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांची घरं उघडी पडली असताना. महाराजांकडे दिवस मोजके होते. १० जानेवारीला ते निघून गेले. मुघल कुमक आठवड्याभराने पोचली. इनायतखान किल्ल्यातून बाहेर आला, तेव्हा सुरतकरांनी त्याची छी थू केली.

या लुटीनंतर औरंगजेबाने शहराला विटांचा तट घालायला लावला. १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले, तेव्हा तो उभा होता. रक्षकांनी थोडा वेळ तग धरला आणि मग किल्ल्याच्या तोफांच्या आसऱ्याला पळाले. विटा आल्या, माणसं आली नव्हती.

गैरसमज : किल्ल्यात जितकी फौज जास्त, तितका तो भक्कम.

१४०४ मध्ये वेल्समधला कार्नारव्हनचा प्रचंड किल्ला वेल्श बंडखोर ओवेन ग्लिंडॉर आणि त्याच्या फ्रेंच मित्रांविरुद्ध राखला गेला, तो अवघ्या अठ्ठावीस माणसांच्या जोरावर. वेढ्यात प्रत्येक जास्तीचं तोंड म्हणजे पेवातून रोज जाणारं धान्य. शिबंदी लागते ती तटावर फिरती ठेवण्यापुरती, आणि तिला वेळेवर पगार लागतो. आणि माणसं असली तरी ती लढतीलच असं नाही. इंग्लंडच्या यादवी युद्धात १६४५ मध्ये स्टोकसेच्या गढीवर पार्लमेंटची फौज आली, तेव्हा थोडी बोलाचाली होऊन दरवाजे उघडले गेले. तिथे लढाई झालीच नाही.

गैरसमज : शिड्या लावून, उकळतं तेल झेलत वर चढलं की किल्ला आला.

तेलाचं आधी उरकून टाकू. तेल ही खायची वस्तू. वेढ्यात अडकलेल्या किल्लेदाराने ती हंड्याने खाली ओतावी हे जमाखर्चात बसत नाही. दगड फुकट असतात.

सुरतेचा किल्ला वेढ्याने पडल्याचं उदाहरण शोधायचं तर अकबरापाशी जावं लागतं. हा किल्ला गुजरातच्या सुलतानाच्या हुकमावरून खुदावंदखानाने १५४० च्या दशकात बांधला, कारण त्याआधी पोर्तुगीजांनी सुरत वारंवार जाळली होती. एका अंगाला नदी, बाकी बाजूंनी खंदक. तटाचे दगड लोखंडी कड्यांनी जोडून फटींत वितळलेलं शिसं ओतल्याची नोंद आहे. १५७३ मध्ये आत होता हमजबान, अकबराविरुद्ध उठलेल्या मिर्झांचा माणूस, जो कधीकाळी हुमायूनच्या चाकरीत होता. अकबराच्या लोकांनी तटासमोर दमदमे उभारले आणि वरून आत मारा सुरू केला. दुसरीकडे झाकलेल्या खंदकांतून सुरुंग तटाच्या पायाकडे सरकत होते. महिना आणि सतरा दिवसांनी हमजबानाने शरणागती पत्करली. चढाई करण्याची वेळच आली नाही. तो वाचला, पण जीभ गमावून बसला.

मालेगावच्या भुईकोटाची गोष्ट खानदेशी वाचकांना जवळची. नारो शंकर राजेबहाद्दरांनी मोसम नदीकाठी बांधलेला हा कोट १८१८ च्या उन्हाळ्यात काही शे अरब शिपायांच्या हाती होता. पेशवाई बुडाली होती आणि त्यांना शरण जायचं नव्हतं. मे महिन्याच्या मध्यावर इंग्रजांनी वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि महिना संपता संपता त्या खिंडारातून हल्ला केला. तो सपशेल फसला. खिंडार पडलं म्हणजे वाट झाली असं नसतं, कारण पलीकडे खोल पोकळी आणि बंदुका धरलेली माणसं असतात. मग जादा तोफा आल्या आणि उखळी तोफांचे गोळे आत पडू लागले. ११ जूनला दारूकोठार उडालं आणि त्याबरोबर तटाचा भागही गेला. दोन दिवसांत बोलणी झाली आणि अरब अटींवर बाहेर आले. या वेढ्यात इंग्रजांची मेलेली आणि जखमी माणसं मिळून दोनशेच्या वर गेली.

गैरसमज : जंजिरा अजिंक्य राहिला तो समुद्रामुळे. आणि त्यातून किनाऱ्यावरच्या राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार होतं.

भुयाराचं सोडून द्या. आपल्या किल्ल्याला भुयार नाही असं सांगणारा मार्गदर्शक महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा आहे. दारूकोठार, पाण्याचं टाकं, चोरदरवाजा, सगळ्यांचं भुयार होतं.

समुद्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुख्य दरवाजा अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, मागे दर्या दरवाजा. पण शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून पायवाट करायला घेतली, म्हणजे पाणी ही न ओलांडता येणारी अडचण आहे असं मराठ्यांनी मानलं नव्हतं. भराव अर्ध्यात राहिला, कारण मुघल फौज कोकणात उतरली आणि छत्रपतींना तिकडे वळावं लागलं.

जंजिऱ्याची खरी रसद सुरतेतून येत असे. १६७० च्या सुमाराला जंजिऱ्याचे सत्ताधीश सिद्दी मुघलांचे आरमारप्रमुख झाले आणि त्यांच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या महसुलातून चालू लागला. वेढा आवळला की सुरतेहून जहाजं, पैसा आणि दारूगोळा निघायचा. पावसाळ्यात सिद्दीची गलबतं मुंबईत माझगावला इंग्रजांच्या आसऱ्याने राहायची. मराठ्यांनी जंजिऱ्याला कितीही घेरलं, तरी या वाटेवर हात टाकणारं आरमार त्यांच्यापाशी पुरेसं नव्हतं.

हे देणंघेणं इतकं जुळलं की अठराव्या शतकाच्या मध्याला सुरतेचा किल्लाच सिद्दीच्या ताब्यात होता. १७५९ च्या मार्चमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तो घेतला. तोफा चालल्या, पण शहरातल्या गटांशी आधी बोलणी झाली होती. नंतर कंपनीने दिल्लीच्या बादशहाकडून किल्ल्याच्या आणि आरमाराच्या सनदा मिळवल्या.

गैरसमज : सचिनचे नवाब म्हणजे सुरतेच्या मुघल सुभेदारांची शाखा.

सचिनचं घराणं जंजिऱ्याच्या सिद्द्यांचं आहे. १७८४ मध्ये जंजिऱ्याचा नवाब सिद्दी अब्दुल रहीम वारला. त्याचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला बाळू मियाँ म्हणत, याचा हक्क बाजूला सारून सिद्दी जोहर नावाच्या दुसऱ्या सिद्द्याने किल्ला बळकावला. बाळू मियाँ पुण्याला पेशव्यांकडे गेला. शंभराहून जास्त वर्षं ज्या किल्ल्यापुढे मराठे थांबले होते, त्याचा वारसच दाराशी आला होता. दौलतीचा कारभार तेव्हा नाना फडणविसांच्या हाती होता, आणि नाना असा सौदा सोडणारे नव्हते. १७९१ मध्ये करार झाला. बाळू मियाँने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि पेशव्यांनी त्याला सुरतेजवळचा पंचाहत्तर हजार उत्पन्नाचा मुलूख दिला. हेच सचिन संस्थान.

बाळू मियाँला सचिन मिळालं. पेशव्यांना जंजिरा मात्र मिळाला नाही. सिद्दी जोहरने करार मानला नाही आणि तो किल्ल्यात घट्ट बसून राहिला. पुण्याच्या दप्तरात हक्क राहिला, किल्ला सिद्दीकडे. १८१८ मध्ये पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले. तिनेही जंजिऱ्याला हात लावला नाही. इकडे सचिनचे नवाब नऊ तोफांच्या सलामीचे संस्थानिक झाले. १९४८ मध्ये सचिन आणि जंजिरा ही दोन्ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. दोन्हीकडे गादीवर सिद्दीच होते.