मासळी कुठे आहे, आणि कोणती सोडायची?

दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरात पूर्वी रेडिओ लागे तो हवामानासाठी. रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र १९७७ साली सुरू झाले आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत वादळाचा इशारा रेडिओवरच ऐकला गेला. आता ते काम मोबाइल करतो. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही सरकारी संस्था उपग्रहाच्या मदतीने समुद्राच्या पाण्याचे तापमान पाहते, मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे ते ठरवते आणि मराठीतही कळवते. डिझेल वाचते, वेळ वाचतो. सोय चांगलीच आहे.

पण मासळी कुठे आहे हा निरोप जितक्या झपाट्याने फिरतो, तितक्या झपाट्याने कोणती मासळी सोडायची हा निरोप फिरतो का?

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सगळ्यांना ठाऊक असते. मात्र २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली, हे आम्ही ओळखीच्या घरांत विचारले तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा आणि सुरमई ३७ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर ती पकडायची नाही, विकायचीही नाही. कारण साधे आहे: इतक्या लहान मासळीने एकदाही अंडी घातलेली नसतात. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा ठरवले गेले. स्वस्त मिळतात म्हणून छोटे पापलेट आम्हीही घरी आणले आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही.

मिरकरवाडा बंदरावर एका चाचांनी आम्हाला विचारले, “जाळ्यात आलेलं पिल्लू मेलेलंच असतं. परत टाकून कोणाचं पोट भरणार?” प्रश्न खरा आहे. म्हणूनच उपाय जाळे टाकण्याआधी करायचा असतो: जाळ्याचे आस मोठे ठेवले की पिल्ले निसटून जातात. आणि बाजारात गिऱ्हाईकच नसेल, तर बारीक आसाचे जाळे वापरून फायदा काय?

असा निरोप पोचू शकतो, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. आपल्याच गावच्या माणसाने होडीवरून काढलेला असा व्हिडिओ भिंतीवरच्या दहा फलकांपेक्षा जास्त पटतो. वेळासच्या लोकांनी २००२ पासून कासवाची अंडी राखली. आज पाहुणे तिथे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येतात.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मुलांना देतो. समुद्र तर नदीहून मोठा. पण तोही अटणार नाही असे समजू नये. पिल्लेच संपली, तर उद्या होडी घेऊन जाणाऱ्या मुलाची रोजी कुठून येणार?

घरच्या बायकांनी एवढे करावे: पोस्टकार्डाची लांबी १४ सेंटिमीटर असते. त्याहून लहान पापलेट दिसले, तर घेऊ नये आणि का घेत नाही ते मासेवालीला सांगावे. आणि मासळीचा पत्ता आला की पुढे पाठवणाऱ्या मुलांनी लांबीची यादीही त्याच ग्रुपवर पाठवावी.