ठिगळ हृदयाचं, भाग ६ : सापाचं हृदय आणि परळच्या सुया

हृदयाला ठिगळ लावलेल्या ओसाकाच्या रुग्णांची हकीकत या वेळी सांगायची ठरली होती. ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण परंड्याहून एका ताईंचा प्रश्न आलाय आणि तो आधी घेण्याजोगा आहे. त्या विचारतात, ‘बशी गार केली की त्यात वाढवलेल्या हृदयपेशींची चादर अलगद सुटून येते, असं तुम्ही लिहिलंत. मग अशा पन्नास चादरी एकावर एक रचून आजारी हृदयावर चांगलं जाड ठिगळ का लावत नाहीत?’

टोकियोचे संशोधक तात्सुया शिमिझू यांनी नेमका याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आपल्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण १ सेंटिमीटर जाड असते. शिमिझूंच्या तीन चादरी मिळून भरतात ८० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सासुद्धा नाही. त्यावर आणखी थर चढवले की मधल्या पेशी मरायला लागतात. रक्तवाहिनी नसेल तर प्राणवायू झिरपत झिरपत ०.१ ते ०.२ मिलिमीटर आत जातो, पुढे नाही. आणि अखंड आकसणाऱ्या स्नायूला तर तो सतत लागतो. सीना-कोळेगाव धरणाच्या पाण्यावर ज्यांचं रान भिजतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाट दुथडी भरून वाहिला तरी चारी काढलेली नसेल तर आतलं रान कोरडंच राहतं.

शिमिझूंनी तोड काढली ती चिकाटीची. उंदराच्या कातडीखाली तीन चादरी ठेवायच्या, एक-दोन दिवस थांबायचं, उंदराच्या अंगातून नव्या केशवाहिन्या त्यांत शिरू द्यायच्या, मग वर पुढच्या तीन. अशा दहा खेपांनंतर सुमारे १ मिलिमीटर जाडीचा, स्वतः धडधडणारा स्नायू तयार झाला. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. काम अव्वल, पण माणसाची छाती दहादा कोण उघडणार?

स्नायूच्या आत रक्त पोचवायचं कसं, या प्रश्नावर मला मुंबईच्या परळची आठवण येते. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन म्हटलं की लोकांना फेब्रुवारी १९६८ मधलं हृदयरोपण आठवतं. मला त्यांचं १९६५ चं काम जास्त मोलाचं वाटतं. सापाच्या हृदयाच्या सच्छिद्र भिंतीला बरंचसं रक्त थेट आतल्या कप्प्यातून मिळतं. सेनांनी विचार केला, बाहेरची रोहिणी तुंबली तर माणसाच्या हृदयालाही आतूनच रक्त का पाजू नये? सेन, उदवाडिया, किनरे आणि पारुळकर या चौघांनी कुत्र्यांच्या हृदयाची रोहिणी बांधली आणि उपाशी पडलेल्या स्नायूत सुयांनी पार कप्प्यापर्यंत भोकं पाडली. यातले तेहमटन उदवाडिया म्हणजे पुढे भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे तेच. अमेरिकेत शल्यविशारद मिरहोसैनींनी सुईच्या जागी लेझर आणला आणि १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्या उपचाराला मान्यताही दिली. म्हणजे लेझरच्या भोकांचं मूळ परळच्या सुयांत.

पण सुईची असोत की लेझरची, बहुतेक भोकं काही काळाने बुजली. आत रक्त गोठतं, मग तिथे व्रणाचे तंतू भरतात. रक्तवाहिनीला आतून पेशींचं अस्तर असतं, ते रक्त गोठू देत नाही. नुसत्या भोकाला ते कुठून असणार? ठिगळवाल्यांची आजची सगळी धडपड या अस्तरासाठी चालली आहे. ठिगळ शिवल्यावर रुग्णाच्याच वाहिन्या त्यात उतराव्यात, ही खरी कसोटी. जर्मनीत ग्योटिंगेनच्या झिमरमान यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये ४६ वर्षांच्या एका बाईंबद्दल लिहिलं. ठिगळ लावल्यावर तीन महिन्यांनी त्यांच्यावर हृदयरोपण झालं आणि काढलेलं हृदय तपासायला मिळालं. ठिगळातला स्नायू जिवंत होता आणि त्यात रक्तवाहिन्या पोचलेल्या होत्या. सगळ्या लेखमालेत मला सर्वांत आशा वाटते ती या एका निरीक्षणाने.

ताई, तुमच्या वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो. ग्योटिंगेनचं हे मूलपेशींपासून केलेलं ठिगळ अजून चाचण्यांतच आहे. भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचे (स्टेम सेल) उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ‘स्टेम सेल टोचून हृदय नवं करतो’ म्हणत कुणी लाखांचा आकडा सांगितला, तर एक रुपयाही देऊ नका. चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. ओसाका पुढच्या आठवड्यात.